एफपीयू नसलेल्या प्रोसेसरवर बिल्ड रखडतो तेव्हा: कुठं बघायचं, काय बदलायचं

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हीट ट्रीटमेंटच्या भट्टीजवळ एक छोटा डबा भिंतीला लावलेला आहे. आत मार्व्हल कंपनीची आर्म जातीची किर्कवुड ८८एफ६२८१ चिप, १.२ गिगाहर्ट्झ, ५१२ एमबी रॅम आणि डेबियन लिनक्स. भट्टीचं तापमान टिपून ठेवायचं, एवढंच त्याचं काम, आणि ते तो वर्षानुवर्षं बिनतक्रार करतोय. मालकांना तो बदलायचा नाही. मलाही त्यात काही वावगं वाटत नाही. चालतं यंत्र उगाच उतरवायचं नाही, ही उद्यमनगरात वाढलेल्या माणसाची सवय आहे.

गेल्या पावसाळ्यात त्याच्यावरच्या लॉगरची, म्हणजे तापमान टिपणाऱ्या प्रोग्रॅमची, नवी आवृत्ती बांधायची होती (बांधणं किंवा बिल्ड, म्हणजे सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करणं). माझ्याकडं काम शिकणाऱ्या गडहिंग्लजच्या पोरानं डब्यावरच सोर्स उतरवला, लॉगरला लागणारी एक मोठी सी++ लायब्ररीही तिथंच बांधायला घेतली आणि रात्री मेक, म्हणजे बिल्ड चालवणारी कमांड, लावून घरी गेला. सकाळी मी शटर उघडायच्या आधीच तो दारात उभा. "दादा, अजून सुरूच हाय. ह्याच्यात एफपीयू न्हाई, म्हणून लई स्लो चाललंय."

एफपीयू नाही, हे खरं होतं. बिल्ड रखडला होता, हेही खरं होतं. पण पहिल्यामुळं दुसरं झालं, हे खरं नव्हतं. ही गल्लत इतक्या जणांकडून होते, आणि त्यापायी इतके तास चुकीच्या जागी जातात, की सगळं नीट मांडून ठेवावं असं वाटलं. कमांड आणि पर्याय इथं उच्चाराप्रमाणं लिहिलेत. टाइप करताना अर्थातच नेहमीच्या रोमन अक्षरांत.

कंपायलर अपूर्णांक मोजत बसत नाही

एफपीयू म्हणजे फ्लोटिंग पॉइंट युनिट, अपूर्णांकांची आकडेमोड करणारा प्रोसेसरमधला वेगळा भाग. तो नसेल तर तीच आकडेमोड पूर्णांकांच्या सूचना वापरून करावी लागते. एक साधी डबल, म्हणजे ६४ बिटांच्या अपूर्णांकांची, बेरीज घ्या. ६४ बिटांतून चिन्हाचा १ बिट, घातांकाचे ११ आणि मूल्याचे ५२ बिट वेगळे काढायचे, दोन्ही घातांक सारखे करण्यासाठी लहान संख्या सरकवायची, बेरीज करायची, उत्तर पुन्हा सरळ करायचं, शेवटचा बिट नियमानं गोल करायचा आणि सगळं परत एकत्र बांधायचं. एफपीयूला जे काही सायकलींत जमतं, त्याला इथं काही डझन सायकली लागतात. भागाकार याहून महाग.

पण जीसीसी, म्हणजे सोर्सचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा लिनक्सवरचा नेहमीचा कंपायलर, सोर्स वाचतो तेव्हा नक्की काय करत असतो? अक्षरं तोडतो, नावं हॅश टेबलात शोधतो, झाडासारख्या रचना बांधतो, पॉइंटरमागून पॉइंटर धरत फिरतो. हे सगळं पूर्णांकांचं आणि मेमरीचं काम. तुमच्या सोर्समध्ये ३.१४१५९ लिहिलेलं असलं तरी त्याची किंमत तो यजमान मशीनच्या, म्हणजे ज्यावर तो स्वतः चालतोय त्याच्या, एफपीयूवर काढत नाही. अशा स्थिरांकांसाठी त्याच्यात स्वतःचं सॉफ्टवेअर गणित आहे, आणि आवृत्ती ४.३ पासून, म्हणजे २००८ पासून, जीएमपी आणि एमपीएफआर या अचूक गणिताच्या लायब्ररीही सक्तीच्या झाल्या. कोडचा कुठला भाग किती वेळा चालेल याच्या अंदाजासाठीसुद्धा जीसीसीत पूर्णांकांवर बांधलेला एसरिअल नावाचा प्रकार आहे. कारण साधं आहे: कंपायलर कुठल्याही मशीनवर चालवला तरी त्यानं तोच कोड द्यायला हवा, यजमानाच्या एफपीयूच्या लहरीवर काही अवलंबून राहायला नको. एलएलव्हीएम या दुसऱ्या कंपायलरनंही याच कारणासाठी एपीफ्लोट हा वर्ग ठेवलाय.

म्हणजे डब्यात एफपीयू असता तरी कंपायलरला त्याचा फारसा उपयोग नव्हता. मग रात्रभर चाललं होतं काय?

आधी मोजा

पोराला बाजूला बसवलं, दुसऱ्या टर्मिनलवर व्हीएमस्टॅट ५ लावलं. दर पाच सेकंदांनी एक ओळ येते. उजवीकडचे यूएस, एसवाय, आयडी, डब्ल्यूए हे रकाने प्रोसेसरचा वेळ कुठं गेला ते सांगतात: प्रोग्रॅममध्ये, कर्नलमध्ये, रिकामा, की डिस्कची वाट बघण्यात. मधले एसआय आणि एसओ म्हणजे स्वॅपमधून (रॅम अपुरी पडली की डिस्कवर वापरली जाणारी जागा) आत आलेलं आणि स्वॅपमध्ये बाहेर गेलेलं.

आमच्याकडं यूएस दहाच्याही खाली होता. डब्ल्यूए ऐंशीच्या घरात. एसआय आणि एसओ दोन्ही सतत हलत होते. प्रोसेसर काम करतच नव्हता, एसडी कार्डाची वाट बघत बसला होता. एफपीयूमुळं अडलं असतं तर यूएस शंभराला टेकला असता. एवढी एक ओळ बघितली असती तरी रात्र वाचली असती.

दुसरं हत्यार टाइम. शेलचा आतला टाइम नको, वेगळं पॅकेज म्हणून मिळणारा, /यूएसआर/बिन/टाइम, त्याला डॅश व्ही लावून. जी फाइल अडतेय तिचीच कंपाइलची ओळ याच्यामागून चालवा. शेवटी येणाऱ्या यादीतल्या दोनच गोष्टी बघा: मॅक्सिमम रेसिडेंट सेट साइज, म्हणजे त्या एका फाइलला जास्तीत जास्त किती मेमरी लागली, आणि मेजर पेज फॉल्ट्स, म्हणजे किती वेळा डिस्कवरून पान आणावं लागलं. टेम्प्लेटनी भरलेली सी++ ची एक फाइल एकटीच काहीशे एमबी मागू शकते. पोरानं मेकला डॅश जे ४ (एकदम चार कामं) दिलं होतं, कारण घरच्या लॅपटॉपवर तो तसंच देतो. एका कोरच्या डब्यात चार कंपायलर एकदम उठले, प्रत्येकाची भूक काहीशे एमबी, आणि पानात वाढायला सगळे मिळून ५१२.

यूएस खरोखरच शंभरला टेकलेला असेल तर मग पर्फ टॉप लावा, वेळ कोण खातंय ते तो दाखवतो. सीसी१ किंवा सीसी१प्लस (जीसीसीच्या आतला खरा कंपायलर) वर दिसलं तर तो कंपायलरचा प्रामाणिक कष्टाचा वेळ आहे. एईएबीआय_डीमल, एईएबीआय_डीॲड (सॉफ्टवेअरनं डबलचा गुणाकार, बेरीज करणारी फंक्शनं) अशी नावं वर दिसली, तर मात्र एफपीयूचा प्रश्न खरा आहे. त्याकडं पुढं येतो.

मशीन कुठल्या जातीचं, हे ठरवा

कॅट /प्रोक/सीपीयूइन्फो करून फीचर्सची ओळ वाचा. किर्कवुडवर तिथं एसडब्ल्यूपी, हाफ, थंब, फास्टमल्ट, ईडीएसपी अशा अर्थाचे शब्द दिसतात, व्हीएफपी नाही. व्हीएफपी हे आर्मच्या एफपीयूचं नाव. ते असेल तर एफपीयू आहे.

मग डीपीकेजीला (डेबियनचं पॅकेज हाताळणारं साधन) डॅश डॅश प्रिंट-आर्किटेक्चर विचारा. डेबियनमध्ये ३२ बिट आर्मची दोन घरं आहेत. आर्मेल हे एफपीयू नसलेल्यांसाठी, आता आर्म व्ही५टीई पासून पुढं. आर्मएचएफ हे आर्म व्ही७ आणि व्हीएफपी असलेल्यांसाठी. २०१२ च्या पहिल्या रास्पबेरी पायला एफपीयू होतं पण प्रोसेसर आर्म व्ही६ होता, म्हणून तो आर्मएचएफच्या दारात बसत नव्हता. त्याच्यासाठी सगळी पॅकेज नव्यानं बांधून रास्पबियन उभं राहिलं. आर्मेलबद्दल एक गोष्ट आत्ताच लक्षात घ्या: ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली डेबियन १३ ही आर्मेलची शेवटची आवृत्ती आहे. असे डबे ज्यांच्याकडं आहेत त्यांनी सोर्स आणि पॅकेजची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी.

मशीन खूप जुन्या डेबियनवर असेल, नुसतं 'आर्म' नावाच्या पोर्टवर (एखाद्या जातीच्या चिपसाठी बांधलेली डेबियन म्हणजे पोर्ट), तर तिथं वेग मारणारं खरं कारण सापडतं. त्या पोर्टमध्ये प्रोग्रॅममध्ये एफपीए नावाच्या जुन्या कोप्रोसेसरच्या सूचना असायच्या. तो कोप्रोसेसर चिपमध्ये नसे. प्रत्येक सूचनेवर प्रोसेसर अडखळायचा, कर्नलमध्ये उडी मारायचा, कर्नलमधला नेटवाइंडर एम्युलेटर ती सूचना वाचून हिशोब करायचा आणि परत यायचा. लायब्ररीतल्या फंक्शनला सरळ हाक मारण्यापेक्षा हे कितीतरी पट महाग. २००९ च्या लेनी आवृत्तीत आर्मेल आलं, त्यात हा फेरा गेला. अपूर्णांकाची कामं थेट जीसीसीच्या लिबजीसीसी या लायब्ररीतल्या फंक्शनकडं जाऊ लागली. अजूनही त्या जुन्या पोर्टवर असाल तर बाकी काही करण्याआधी ते बदला.

एमआयपीएस या दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरच्या राउटरवर हाच धोका लपून बसतो. २४केसी सारख्या कोरमध्ये एफपीयू नसतं, पण लिनक्स कर्नलमध्ये एम्युलेटर असतो. हार्ड-फ्लोटनं (एफपीयू आहे असं गृहीत धरून) बांधलेला प्रोग्रॅम तिथं निमूटपणे चालतो, चूक दाखवत नाही, नुसता वेग मरतो. डीबगएफएस माउंट करून एमआयपीएस फोल्डरमधली एफपीयूईएमयूस्टॅट्स बघा. आकडे वाढत असतील तर बायनरी (बांधून तयार झालेला प्रोग्रॅम) चुकीची बांधली गेलीय.

डब्यावरच बांधायचं असेल तर

कधीकधी दुसरं मशीन हाताशी नसतं. तेव्हा प्राधान्य मेमरीला.

मेकला डॅश जे १. एक कोर, ५१२ एमबी, तिथं दुसरं काही नको. मग डीबगची माहिती बंद करा, सीफ्लॅग्ज आणि सीएक्सएक्सफ्लॅग्जमध्ये डॅश जी० देऊन. कित्येक प्रकल्प स्वतःहून डॅश जी घालतात आणि ऑब्जेक्ट फाइली (एकेका सोर्स फाइलीचं कंपाइल झालेलं रूप) फुगतात. त्या जोडून प्रोग्रॅम बनवणाऱ्या लिंकरला त्या सगळ्या उचलाव्या लागतात. लिंकच्या पायरीवरच मरत असेल तर लिंकरला नो-कीप-मेमरी हा पर्याय द्या. एलटीओ (लिंक करताना पुन्हा सुधारणा करणं) चालू असेल तर बंद करा, कारण त्यात सगळा प्रोग्रॅम शेवटी एकदम मेमरीत येतो.

जीसीसीला स्वतःची रद्दी, म्हणजे वापरून झालेली मेमरी, लवकर गोळा करायला लावता येतं: पॅरम जीजीसी-मिन-एक्स्पांड १० आणि पॅरम जीजीसी-मिन-हीपसाइज ८१९२. कंपाइल थोडं सावकाश होतं, पण स्वॅपमध्ये जाण्यापेक्षा ते केव्हाही परवडतं.

स्वॅप लागणारच असेल तर एसडी कार्डावर ठेवू नका. दोन पर्याय आहेत. पहिला झेडरॅम: रॅमचाच एक तुकडा दाबून स्वॅप म्हणून वापरायचा. २५६ एमबीचा झेडरॅम, एलझेड४ नं दाबलेला, असा आम्ही लावला. दाबायला-उघडायला प्रोसेसर लागतो आणि इथं तो तसा दुबळाच आहे, तरी कार्डाच्या वाट बघण्यापुढं ते काहीच नाही. दुसरा पर्याय यूएसबीला लावलेली खरी हार्ड डिस्क. जुन्या लॅपटॉपमधून काढलेली चालेल, पण तिला वेगळा वीजपुरवठा द्या. डब्याच्या यूएसबीतून डिस्कला पुरेसा करंट मिळेलच असं नाही.

एवढं केल्यावर डब्ल्यूए खाली आला आणि यूएस नव्वदच्या वर गेला. पोरानं तो आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघितला. "म्हणजे आता खरं काम चाललंय," तो म्हणाला. बरोबर वाचलं त्यानं.

आता घड्याळाचं. अशा डब्यातली घड्याळाची बॅटरी बहुतेक संपलेली असते. लाइट गेली, परत आली, की तारीख १९७० मध्ये. मेक तर सगळं तारखांवरच ठरवतो: ऑब्जेक्ट फाइल सोर्सपेक्षा जुनी दिसली की पुन्हा कंपाइल. क्लॉक स्क्यू डिटेक्टेड ही सूचना दिसली तर ती सोडून देऊ नका. आधी एनटीपीनं घड्याळ लावा, मगच मेक. बिल्डचं फोल्डर एनएफएसनं दुसऱ्या मशीनवर ठेवलं असेल तर दोन्ही घड्याळं जुळलेली हवीत.

आणि लाइट. वळवाच्या पावसात इकडं वीज कधी जाईल सांगता येत नाही. बिल्ड टीमक्समध्ये लावा म्हणजे एसएसएच तुटलं तरी चालू राहतो. वीज गेल्यावर मेक पुन्हा लावला की राहिलेल्या जागेवरून सुरू होतो, पण एक अडचण असते: ज्या क्षणी वीज गेली तेव्हा लिहिली जात असलेली ऑब्जेक्ट फाइल शून्य बाइटची राहू शकते. तारीख नवीन म्हणून मेक तिला हात लावत नाही, आणि शेवटी लिंकर 'फाइल नॉट रेकग्नाइझ्ड' म्हणून थांबतो. वीज गेल्यावर आधी फाइंडनं रिकाम्या डॉट ओ फाइली शोधून पुसा.

कॉन्फिगरच्या, म्हणजे मशीनवर काय काय आहे ते तपासायच्या, पायरीला वेळ लागतो तो वेगळ्या कारणानं. ऑटोकॉन्फ शेकडो छोटे प्रोग्रॅम उभे करून पाडतो. कॉन्फिगरला डॅश मोठा सी दिला की उत्तरं फाइलमध्ये जपून ठेवतो, पुढच्या वेळी तो वेळ वाचतो.

एफपीयूची उणीव खरंच कुठं भोवते

बिल्डमध्ये कंपाइलशिवाय इतरही पायऱ्या असतात, आणि तिथं अपूर्णांक येतात. पहिली जागा टेस्ट. पॅकेज बांधून झालं की त्याच्या चाचण्या चालतात; आवाज, चित्र, सिग्नल, सांख्यिकी अशा लायब्ररी असतील तर लक्षावधी डबल गुणाकार. डेबियन पॅकेज बांधताना डीईबी_बिल्ड_ऑप्शन्समध्ये नोचेक द्या. पण चाचण्या कायमच्या सोडू नका. तयार पॅकेज डब्यावर बसवल्यावर रविवारी, कारखाना बंद असताना, एकदा तरी पूर्ण चालवा. सॉफ्ट-फ्लोटवरच्या (एफपीयूशिवायच्या आकडेमोडीतल्या) चुका फक्त सॉफ्ट-फ्लोटवरच सापडतात.

दुसरी जागा दस्तऐवज. आकृत्या काढणं, एसव्हीजीची चित्रं बनवणं, ही अपूर्णांकांची कामं. नोडॉक देऊन ती टाळता येतात. टेक हा पानं जुळवणारा प्रोग्रॅम मात्र यात येत नाही: त्यातली अंतरं पूर्णांकात मोजली जातात, एका पॉइंटचे ६५५३६ भाग करून, म्हणजे प्रत्येक मशीनवर ओळी तिथंच तुटाव्यात. १९७०-८० च्या दशकात हा विचार करून ठेवलाय, याचं मला आजही मोठं कौतुक वाटतं.

तिसरी जागा स्वतःचीच परीक्षा घेणारे बिल्ड. पायथॉनला एनेबल-ऑप्टिमायझेशन्स दिलं तर तो आधी बांधतो, मग नमुना म्हणून टेस्ट चालवतो, मग पुन्हा बांधतो. ॲटलास ही रेषीय बीजगणिताची लायब्ररी बांधताना शेकडो प्रकारे गुणाकार करून कुठला जलद ते मोजते. एफपीयू नसलेल्या डब्यावर या दोन्ही वाटांना जाऊ नका.

आणि काही भाषांच्या रनटाइममध्येच डबल भरलेला आहे. लुआ ५.१ मध्ये प्रत्येक संख्या डबल असते, फॉर लूपचा काउंटरसुद्धा. म्हणूनच राउटरसाठीच्या ओपनडब्ल्यूआरटी लिनक्सनं आपल्या लुआवर एलनम नावाचा पॅच चढवला, पूर्णांक पूर्णांकच राहावेत म्हणून. लुआ ५.३ मध्ये तो फरक मूळ भाषेतच आला. ऑकमध्येही संख्या डबल. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमागचं व्ही८ इंजिन आर्मवर एफपीयू गृहीत धरूनच चालतं, त्यामुळं अशा डब्यावर नोड बांधायच्या खटपटीत पडूच नका.

खरा उपाय: बांधकाम दुसरीकडं हलवा

वरची सगळी मलमपट्टी झाली. साधा आय३ चा डेस्कटॉप जरी दुकानात असला तरी बिल्ड तिथंच व्हायला हवा. इथं तीन वाटा आहेत.

पहिली, क्रॉस कंपाइल: एका जातीच्या मशीनवर दुसऱ्या जातीच्या मशीनसाठी बांधणं. डेस्कटॉपवर डबा ज्या आवृत्तीवर आहे तीच डेबियन आवृत्ती एका क्रूटमध्ये, म्हणजे वेगळ्या फोल्डरातल्या स्वतंत्र सिस्टीममध्ये, घ्या. ही अट सगळ्यात महत्त्वाची. नवीन जीलिबसीवर (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) बांधलेली बायनरी जुन्या डब्यावर नेली की 'व्हर्जन जीलिबसी अमुक नॉट फाउंड' म्हणून थांबते, आणि मग अर्धा दिवस जातो. क्रूटमध्ये डीपीकेजीला आर्मेल आर्किटेक्चर जोडा, क्रॉसबिल्ड-एसेन्शियल-आर्मेल बसवा. लागणाऱ्या लायब्ररींची डेव पॅकेज नावामागं कोलन आर्मेल लावून बसवा. ऑटोकॉन्फच्या प्रकल्पाला होस्ट म्हणून आर्म-लिनक्स-जीएनयूईएबीआय सांगा. सीमेक असेल तर टूलचेन फाइल, मेसन असेल तर क्रॉस फाइल. डेबियन पॅकेज असेल तर डीपीकेजी-बिल्डपॅकेजला डॅश ए आर्मेल, एवढंच.

इथं ऑटोकॉन्फ एका ठिकाणी अडतो: 'कॅनॉट रन टेस्ट प्रोग्रॅम व्हाइल क्रॉस कंपायलिंग'. त्याला छोटा प्रोग्रॅम चालवून उत्तर हवं असतं, पण आर्मचा प्रोग्रॅम डेस्कटॉपवर चालत नाही. त्याचं उत्तर आपण एसी_सीव्ही नं सुरू होणाऱ्या व्हेरिएबलमध्ये आधीच द्यायचं. बरोबर उत्तर कुठून आणायचं? डब्यावर एकदा फक्त कॉन्फिगर चालवा आणि त्याची कॅश फाइल उचलून आणा.

कंपायलर नक्की काय गृहीत धरतोय ते डॅश मोठा क्यू आणि हेल्प इक्वल्स टार्गेट देऊन बघता येतं. फ्लोट-एबीआयपुढं सॉफ्ट हवं. तीन किमती असतात. सॉफ्टमध्ये एफपीयूच्या सूचना अजिबात नाहीत. सॉफ्टएफपीमध्ये सूचना असतात, पण फंक्शनला संख्या पूर्णांकांच्या रजिस्टरमधून जातात, म्हणून तो सॉफ्टच्या लायब्ररींशी जुळतो. हार्डमध्ये संख्यासुद्धा एफपीयूच्या रजिस्टरमधून जातात. सॉफ्टएफपीचं नाव ऐकून पुष्कळजण फसतात आणि एफपीयू नसलेल्या डब्यावर ते वापरतात.

दुसरी वाट, क्यूइमू, म्हणजे दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्रॅम. क्रॉस कंपाइल ज्याला जमतच नाही असे प्रकल्प असतात. तेव्हा क्यूइमू-यूजर-स्टॅटिक बसवून डीबूटस्ट्रॅपनं आर्मेलचं पूर्ण क्रूट डेस्कटॉपवर करा. आत गेलं की आपण आर्मवर आहोत असंच त्या सोर्सला वाटतं. क्रॉसपेक्षा बरंच सावकाश, पण आठ-सोळा जीबी रॅम आणि एसएसडी मिळत असल्यानं डब्यापेक्षा चांगलंच. एकच सावधगिरी: क्यूइमू सहसा डब्यापेक्षा नवा, एफपीयू असलेला आर्म उभा करतो. चुकून हार्ड-फ्लोटचा तुकडा आत शिरला तर तिथं तो आनंदानं चालेल आणि भट्टीजवळच्या डब्यावर बंद पडेल. क्यूइमूत चाललं म्हणजे डब्यावर चालेलच असं नाही.

तिसरी वाट डिस्टसीसी. बिल्ड डब्यावरच राहतो, पण प्रत्येक फाइल प्रीप्रोसेस झाल्यावर कंपाइलसाठी डेस्कटॉपकडं जाते. लिंक परत डब्यावर. कंपायलर दोन्हीकडं एकाच आवृत्तीचा, आणि नाव पूर्ण द्यायचं: आर्म-लिनक्स-जीएनयूईएबीआय-जीसीसी. नुसतं जीसीसी दिलं तर डेस्कटॉप आपला इंटेलचा जीसीसी चालवतो आणि लिंकर हैराण होतो. डिस्टसीसीचं पोर्ट ३६३२ बाहेरच्या जगाला उघडं ठेवू नका. अलाउ पर्यायानं फक्त दुकानाच्या नेटवर्कची रेंज द्या. मी ही वाट तेव्हाच घेतो, जेव्हा डब्यावर बिल्डची मांडणी आधीच झालेली असते आणि ती हलवणं जिकिरीचं असतं.

गोमध्ये लिहिलेलं काही असेल तर हा प्रपंचच नाही. डेस्कटॉपवरूनच जीओआर्च आर्म, जीओआर्म ५, सीगो बंद, आणि सॉफ्ट-फ्लोटची बायनरी हातात. लॉगरचा वेब पानाचा भाग आम्ही त्यासाठीच गोमध्ये नेला.

सीकॅश, म्हणजे आधी कंपाइल झालेलं जपून ठेवणारं साधन, मात्र कुठल्याही वाटेवर लावाच.

डब्यावर नेण्याआधी बायनरी तपासा

रीडएल्फला डॅश मोठा ए देऊन बायनरी दाखवा. टॅग_एबीआय_व्हीएफपी_आर्ग्ज, व्हीएफपी रजिस्टर्स असं दिसलं तर ती हार्ड-फ्लोटची आहे, डब्यासाठी निरुपयोगी. टॅग_सीपीयू_आर्चपुढं व्ही५टीई किंवा त्याहून जुनं हवं. व्ही७ दिसलं तर थांबा.

दुसरी खूण लोडरची. रीडएल्फला डॅश एल दिलं की इंटरप्रिटरची ओळ येते. आर्मेलसाठी ती एलडी-लिनक्स.एसओ.३ अशी हवी. आर्मएचएफ शब्द असलेली दिसली तर ती बायनरी डब्यावर 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' म्हणेल. फाइल तर समोर आहे आणि लिनक्स म्हणतो नाही, यानं नवखा माणूस गोंधळतो. नसतो तो लोडर, फाइल नव्हे. आणि 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' आलं तर चिपला न कळणारी सूचना आत आहे. बहुतेक एखाद्या आधी बांधलेल्या लायब्ररीतून आलेली.

प्रोग्रॅम हळू चालत असेल तर

बिल्ड लवकर झाला, तरी लॉगर चालताना प्रोसेसर खात असेल तर तिथं एफपीयूची उणीव खरी बोलते. सॉफ्ट-फ्लोटचा एक फायदा आहे: प्रत्येक अपूर्णांकाचं काम फंक्शनची हाक असतं, त्यामुळं ते लपत नाही. ऑब्जेक्ट फाइलींवर एनएम डॅश यू चालवा आणि एईएबीआय_डी नं सुरू होणारी नावं शोधा. कुठल्या फाइलीत डबल आहे ते लगेच कळतं. आमच्या लॉगरमध्ये ते निघालं सर्वांत आतल्या लूपमध्ये.

थर्मोकपल (तापमानाचा सेन्सर) वाचणारी चिप मॅक्स३१८५५ आहे. ती तापमान देते १४ बिटांत, पाव अंश सेल्सिअसच्या पायरीनं. म्हणजे ८५० अंशाला तिच्याकडून ३४०० हा पूर्णांक येतो. जुना कोड काय करत होता? ३४०० ला ०.२५ नं गुणून डबल, सरासरी डबलमध्ये, मर्यादेशी तुलना डबलमध्ये, आणि शेवटी छापताना पुन्हा दोन दशांश. चिपनं पूर्णांक दिला होता, आपणच त्याचा अपूर्णांक केला. आता सगळं पाव अंशातच राहतं. भट्टीची वरची मर्यादा ८७० असेल तर कोडमध्ये ३४८०. सोळा वाचनांची बेरीज करून चार बिट उजवीकडं सरकवलं की सरासरी. छापताना चारनं भागून पूर्ण अंश, आणि बाकीवरून ००, २५, ५०, ७५.

दूध संकलन केंद्रावर फॅट ३.५, एसएनएफ ८.५ बघून दर लावतात. तिथल्या प्रोग्रॅममध्येही ३५ आणि ८५ ठेवता येतात, आणि पैसे रुपयांत न ठेवता पैशात. पैशांचा हिशोब डबलमध्ये चुकून शेतकऱ्याच्या बिलात फरक पडावा, याला काही अर्थ नाही.

जिथं अपूर्णांक खरंच हवा, तिथं डबलऐवजी फ्लोट वापरा: २३ बिटांचं मूल्य हाताळणं ५२ बिटांपेक्षा स्वस्त. स्थिरांकामागं एफ लावायला विसरू नका. नुसतं ०.२५ लिहिलं तर सी भाषेत तो डबल असतो, आणि शेजारच्या फ्लोटलाही डबल करून टाकतो. जीसीसीला डब्ल्यू-डबल-प्रमोशन हा इशारा चालू करायला सांगा, अशा जागा एकेक करून दाखवतो.

पोरानं त्या दिवशी क्रॉसचं क्रूट स्वतः बांधलं, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बरोबर आलं. दुपारी आम्ही बायनरी पेनड्राइव्हवर घेऊन शिरोलीला गेलो. भट्टी चालू होती, डब्यावर धूळ बसलेली. जुनी बायनरी नाव बदलून तशीच बाजूला ठेवली, नवी बसवली, सर्व्हिस पुन्हा सुरू केली. पडद्यावर ओळी येऊ लागल्या: ८४९.७५, ८५०.००, ८५०.२५. भट्टीच्या पॅनेलवरचा आकडा शेजारीच होता. पोरगा बराच वेळ दोन्हीकडं बघत उभा राहिला.